हत्तीडोहातला मासा

चैत्र अर्धा सरला तेव्हा हत्तीडोहात कमरेएवढं पाणी उरलं होतं. केदारखेड्याच्या खालच्या अंगाला पाव कोसावर पूर्णा एका खडकाला वळसा घालते, तिथं हा डोह. बाजेच्या चार दोऱ्या एकीला एक बांधून सोडल्या तरी तळ लागत नाही, असं गावात सांगायचे. आता तळ दिसायला आला होता. सलग दोन वर्षं पावसानं हुलकावणी दिली होती, विहिरींत नुसता खडक उरला होता, आणि रामराव पाटलांनी डोहाच्या दरडीवर मोट बसवून घराघराची पाळी लावली होती. पाणी ओढायचं, दगडी हौदात सोडायचं आणि गावाची जनावरं जगवायची.

भुजंगची पाळी सातव्या दिवशी आली.

"माझ्या जागी बद्रीनाथाला लावा, पाटील," तो आदल्या दिवशी म्हणून आला होता. बद्रीनाथ म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. "म्या त्याच्या रानातलं काम करतो."

"सगळ्या गावाचं काम हाय, भुजंगा," पाटील म्हणाले. "पाळी म्हंजी पाळी."

बारा वर्षं तो या डोहाकडे फिरकला नव्हता. बैल धुवायला अर्धा कोस जास्त चालून वरच्या उताराला जायचा. त्याची पाच वर्षांची उमा इथं बुडाली होती, हे गावाला ठाऊक होतं. बापाचं दुःख म्हणून कुणी त्याला त्यावरून बोलत नसे. लोकांच्या त्या दयेनंच तो आत कुठंतरी सोलला जायचा.

सूर्य उगवायच्या आत त्यानं बैल जुंपले. मोट खाली जायची, बुडायची, बैल धावेवरून उताराला लागले की कुरकुरत वर यायची. उन्हं डोक्यावर येईतो मोट ओढायच्या नाड्यानं त्याचे तळहात सोलले. पहिल्या मोटा पाण्याच्या होत्या, आता अर्धा चिखल यायला लागला. काठाशी कचरू भोई गुडघाभर गाळात उभा राहून टोपलीनं बारीक मासे धरत होता.

उषाबाई, भुजंगची बायको, भाकरी घेऊन आली तेव्हा मोट अडकली होती.

बैल उताराला अडून उभे. नाडा ताणून तारेसारखा झाला. भुजंगनं हाक दिली, चाबूक वाजवला, बैलांनी मानेच्या शिरा फुगवून ओढ घेतली, तरी मोट हलेना.

"कपारीत गुतली काय रे कचरू?" त्यानं वरून विचारलं.

कचरू दोन पावलं पुढं गेला आणि तसाच मागं फिरला. धडपडत, हाताचा आधार घेत, गाळातून काठावर चढला.

"कपार न्हाई," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "कपार हालत न्हाई, भुजंगदादा."

डोहाच्या मधोमध गाळ उकळल्यासारखा वर आला. एक पाठ दिसली, चिखलाच्याच रंगाची, रेड्याच्या पाठीएवढी रुंद. मोटेचं कातडं एका तोंडानं धरलं होतं. ते तोंड वळलं आणि पुन्हा गाळाखाली गेलं.

बैल उधळले. नाडा तुटला.

घटकाभरात गाव लोटलं. पंधरावीस जणांनी दोर, जाळी, बैलगाडीच्या दांड्या आणल्या. कचरूनं दोनदा फास टाकला, दोन्ही वेळा तुटला. तिसऱ्यांदा दुहेरी नाड्याचा फास कल्ल्यामागं बसला आणि भुजंगच्याच बैलांनी ते धूड ओढून वाळूवर आणलं. मासाच होता. पण असा मासा भोयांच्या सात पिढ्यांत कुणी हाती धरला नव्हता. माप घ्यायला कचरू त्याच्या शेजारी वाळूत आडवा पडला. तरी त्याच्या पायाखाली हातभर मासा उरला.

"माझा आजा सांगायचा, असलं एक खाली राहतं म्हनून," कचरू उठून वाळू झटकत म्हणाला. "आमी हासायचो."

भुजंग पुढं झाला नाही. तो होता तिथूनच बघत होता. सुपाएवढं पसरट तोंड. तोंडाच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढ्या जाड मिशा. खरबरीत, खवल्याविना पाठ. आणि शेपटीच्या दोन्ही टोकांना चाबकाच्या वादीसारख्या लांब दोऱ्या.

एकेक गोष्ट त्यानं मनात जुळवली. बारा वर्षांपूर्वी त्यानं हे सगळं ऐकलं होतं, ह्याच क्रमानं, एका बाईच्या तोंडून. तेव्हा त्यानं तिला केसाला धरून चावडीपर्यंत ओढत नेलं होतं.

द्वारकाबाई त्याची दुसरेपणाची बायको. उमाची आई बाळंतपणात गेली, त्यानंतर दोन वर्षांनी परतूरकडून करून आणलेली. सावत्र म्हणून कुणी बोट ठेवावं असं ती वागली नव्हती. पोर तिच्याच अंगावर निजायची. त्या दिवशी ती उमाला घेऊन डोहावर धुणं धुवायला गेली आणि एकटीच, गळ्याएवढी भिजलेली, ओरडत गावात आली. पाण्यातून काहीतरी आलं, पोरीचा पाय धरला आणि नेलं. सुपाएवढं तोंड, अंगठ्याएवढ्या मिशा, शेपटाला दोऱ्या.

भुजंगच्या आईनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "सवतीची पोर डोळ्यात सलत व्हती. ढकलली, आन् आता शेपूट-मिशा सांगून राह्यली." मग सगळं गाव तेच बोलू लागलं. आणि भुजंगनं चार माणसांत बायकोला मारलं.

दुसऱ्या दिवशी प्रेत खालच्या बांधाला लागलं. पोरीला न्हाऊ भुजंगनंच घातलं. डाव्या पायावरचं शेवाळ पुसताना त्याचा हात थांबला. पिंढरीच्या दोन्ही अंगांना बारीक ओळी होत्या, एकीखाली एक, खवणीनं खोबरं खरवडावं तशा. दगडानं असं होत नाही. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं धडुतं पोरीच्या टाचेपर्यंत गुंडाळलं.

चावडीत पाटलांनी विचारलं होतं, "अंगावर काही घाव-बिव व्हता का रे?"

आदल्याच दिवशी त्यानं द्वारकाला सगळ्यांदेखत लाथांनी तुडवलं होतं. समोर आई बसली होती. तो म्हणाला, "न्हाई."

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईला गाडीत घालून माहेरी धाडलं. वर्षभरानं उषाबाई घरात आली.

मासा अंधार पडायच्या आत मेला. पाटलांनी त्याच्यावर ओली पोती टाकायला लावली आणि भोकरदनला माणूस धाडला. तिथं शाळा तपासायला औरंगाबादचे एक साहेब आले होते; जनावरं-पाखरं यांचा त्यांना मोठा नाद, असं ऐकिवात होतं. साहेब सकाळीच टांग्यातून हजर झाले. पोती बाजूला केली तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुपारपर्यंत ते वाळूत गुडघे टेकून काम करत होते. फीत लावून मापं घेतली, वहीत चित्र काढलं, दात मोजले. मग कचरूकडून पोट उघडवलं. भुजंग पहिल्या रांगेत येऊन उभा राहिला. बारा वर्षांनंतर काय निघणार होतं? तरी त्याचे पाय जागचे हलेनात. माशांचे काटे निघाले, एक अर्धवट विरघळलेलं कासव निघालं. बस, एवढंच.

"सबसे पहले किसने देखा?" साहेबांनी विचारलं.

"पैलं कुनी पाह्यलं, म्हनून राह्यले," पाटलांनी सांगितलं. "या भुजंगानं, साहेब. मोट याची व्हती."

"इससे पहले किसी ने कभी देखा था? याद करके बोलो. बहुत ज़रूरी है."

पाटलांनी तेही लोकांना सांगितलं. म्हातारी माणसं नदीकडं बघत राहिली. गावातल्या निम्म्या लोकांना तेव्हाचं सगळं आठवत होतं, हे भुजंगला त्यांच्या मानांवरून कळलं. बद्रीनाथनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि पायानं वाळू उकरायला लागला. बोललो तर मारलेलं सांगावं लागेल, पिंढरी सांगावी लागेल.

"न्हाई," तो म्हणाला. "कुनी न्हाई पाह्यला."

साहेबांनी त्याचं नाव विचारलं, बापाचं नाव, गावाचं नाव. वहीत उर्दूत लिहिलं आणि वाचून दाखवलं. हे हैदराबादला जाईल, तिथून विलायतेला जाईल, तुझं नाव छापून येईल, असं ते म्हणाले. निघताना त्यांनी भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला. माशाचं डोकं आणि कातडं मीठ भरून टांग्यात घातलं गेलं. उरलेलं वाळूत पुरलं.

भुजंग घरी आला आणि गोठ्यात जाऊन बसला. उषाबाई कडबा टाकायला आली तर तो गव्हाणीला टेकून दोन्ही तळवे बघत बसलेला.

"हाताला हळद लावा," ती म्हणाली. "सडतील."

"उषे, ती खरं बोलत व्हती."

"ठाव हाय. समद्या गावाला कळलंय आज."

"आज न्हाई. मला तवाच ठाव व्हतं."

त्यानं पिंढरीचं सांगितलं. चावडीतलं सांगितलं. बोलताना तो बैलाच्या खुराकडं बघत होता. उषाबाईच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग तिनं पेंढी गव्हाणीत टाकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"तुमी त्या दिशी खरं बोलले असते, तर म्या या घरात आलेच नसते."

"व्हय."

"माझा संसार, माझी लेकरं. समदं त्या एका न्हाईवर उभं केलं तुमी." तिचा आवाज चढला नाही. "उद्या निघा. तिला जाऊन सांगा. भाकरी बांधून देते. पन मला इतक्यात हाक मारू नगा."

दिवसभर चालून तो जालन्याला पोचला. तिथं मस्तगड मोहल्ल्यात मावसभावाच्या ओसरीवर पाठ टेकली आणि सकाळच्या आगगाडीनं परतूरला उतरला. द्वारकाबाईच्या भावाचं घर त्यानं शोधलं. दारात भावजय, पुष्पाबाई, निवडणं घेऊन बसली होती. त्याला ओळखून तिनं सूप बाजूला ठेवलं, पण बसा म्हणाली नाही.

"जिनात गेलीय," ती म्हणाली. "रोजच जाती. घरात बसून कसं भागंल?"

कापसाचा हंगाम संपत आला होता. कापसातली सरकी काढायचं जीन बंद व्हायला आठ-दहा दिवस राहिले होते. भुजंग पोचला तेव्हा जेवणाचा भोंगा झाला होता आणि बाया भिंतीच्या सावलीत फडकी सोडून बसल्या होत्या. सगळ्या एका घोळक्यात, आणि चार हात सोडून एकटी एक. तिच्या डोक्यावर सगळीकडं कापसाचे तंतू बसले होते. तो समोर उभा राहिल्यावर तिनं मान वर केली.

"कोन मेलं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"कुनी न्हाई."

"मंग?"

"डोह आटला," तो म्हणाला. "मासा घावला."

तिचा घास हातातच राहिला.

"केवढा?"

"कचरू भोयापेक्षा हातभर लांब."

"मिशा?"

"हायत. शेपटाला दोऱ्या बी हायत."

तिनं घास फडक्यात ठेवला, दोन्ही हात मांडीवर पुसले. पुन्हा पुन्हा पुसत राहिली. घोळक्यातल्या बाया बोलायच्या थांबल्या होत्या.

"आनखी एक सांगायचं हाय," भुजंग म्हणाला. "जरा बाजूला ये."

"इथंच सांगा."

"द्वारके, जरा…"

"बारा वर्सं यांच्यापून चार हात दूर बसून खाते म्या. यातली एक बी बाई आपलं लेकरू माझ्यापाशी ठिवत न्हाई. भावाच्या घरात बी न्हाई. जे हाय ते इथं बोला."

भुजंगनं पटका काढून हातात घेतला. बायांकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. भिंतीतल्या एका विटेकडं बघत तो बोलला. पोरीच्या पायावर दातांच्या ओळी व्हत्या. म्या पाह्यल्या. कपड्यानं झाकल्या. चावडीत न्हाई म्हनलो. हिनं ढकललं नव्हतं. हे मला पैल्या दिवसापून ठाव व्हतं.

"मोठ्यानं," द्वारकाबाई म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

त्यानं पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं. घोळक्यातली एक म्हातारी, साळूबाई, जमिनीवर थुंकली आणि म्हणाली, "मर मेल्या." एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. तो कुणासाठी, हे त्याला कळलं नाही.

तो पाया पडायला वाकला तशी द्वारकाबाई उठून उभी राहिली आणि फाटकाकडं चालायला लागली. तो मागोमाग गेला. फाटकापाशी सरकीचा ढीग होता, त्याच्या आड ती थांबली. इथं कुणाला ऐकू जात नव्हतं.

"लई दुखलं असंल का तिला?" तिनं विचारलं. "किती खोल व्हते दात?"

"खोल नव्हते. वरच्यावर व्हते."

"खरं सांगा."

"खरंच सांगतो. कातडंच सोललं व्हतं."

ती सरकीत बोटं फिरवत राहिली.

"उमीचं मनगट माझ्या हातात व्हतं," ती म्हणाली. "त्यानं ओढलं, म्या बी ओढलं. तिचं डोकं पान्याच्या वर व्हतं. आई म्हनली. मंग त्याचं तोंड वर आलं, माझ्या ढोपराला लागलं. आन् म्या भ्याले." तिनं भुजंगच्या तोंडाकडं सरळ बघितलं. "हात सोडला. सुटला न्हाई. सोडला."

भुजंगनं तिच्या हाताकडं बघितलं.

"समदे इचारायचे, ढकललीस का? म्या म्हनायचे, न्हाई. खरंच व्हतं ते. हात सोडलास का, असं कुनी इचारलंच न्हाई. तुमी मारत व्हते तवा वाटायचं, आनखी मारा. तोंड घट्ट मिटून घेतलं म्या."

"तू सोडला नसता तर तू बी…"

"तेच म्या बारा वर्सं सोताला सांगते." तिनं बोटांची सरकी झटकली. "तुमी आपलं वझं इथं टाकाया आले. टाकलं. आता माझं बी घिऊन जा. सांगायचं तर सांगा गावात, न्हाई तर नगा सांगू. मला आता कुनाचं भ्या न्हाई."

भोंगा झाला. ती आत गेली. घोळक्यातल्या बाया उठत होत्या. साळूबाईनं तिचं उघडं राहिलेलं फडकं गुंडाळून हातात घेतलं होतं आणि ती तिच्यासाठी दारात थांबली होती.

परतीच्या वाटेवर भुजंगला भूक लागली नाही. जाताना त्याला वाटलं होतं, एकदा बोललो की छाती मोकळी होईल. जालन्यापासून गावापर्यंत तो फक्त एक मनगट बघत चालला. पोरीचं डोकं पाण्याच्या वर होतं. ती आई म्हणाली होती. ही दोन वाक्यं त्याला बारा वर्षं ठाऊक नव्हती, कारण त्यानं विचारायच्या आधी हात उगारला होता. द्वारकाला तेव्हा जवळ बसवून विचारलं असतं, तर तिनं रडून सांगितलं असतं, आणि दोघांनी मिळून ते सोसलं असतं. ते ती एकटीच सोसत राहिली होती.

गावात शिरल्यावर तो घरी गेला नाही, तडक डोहावर गेला. मोट चालू होती. आज बद्रीनाथची पाळी होती. पाटील हौदाच्या कडेला बसले होते, कचरू जाळं शिवत होता, सातआठ माणसं जनावरं घेऊन आली होती. भुजंगनं तिथं उभ्या उभ्या पिंढरीचं, चावडीतलं सगळं सांगितलं. परतूरला एकदा बोलून झालं होतं, तरी इथं ते सोपं गेलं नाही. बद्रीनाथनं बैल थांबवले. ऐकून झाल्यावर त्यानं भावाकडं पाठ फिरवली आणि तो बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

"तिला गावाबाहेर घाला, हे म्याच म्हनलो व्हतो," रामराव पाटील म्हणाले. "माझं बी तोंड काळंच हाय." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागद-पेन्सिल काढली. "साहेबाला खत लिवतो. पैलं पाहनाराचं नाव चुकलं म्हनून. काय लिवू? द्वारकाबाई, आन् नवऱ्याचं नाव…"

"न्हाई. बापाचं लिवा तिच्या. श्रीपती."

पाटलांनी लिहिलं. कागदाची घडी घालता घालता त्यांचा हात थांबला.

"भुजंगा," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मंग पोरीला धरलं का न्हाई तिनं? जवळच व्हती ना?"

माणसं त्याच्याकडं बघायला लागली. कचरूची सुई थांबली.

"धरलं व्हतं," भुजंग म्हणाला. "मनगट धरलं व्हतं."

"मंग?"

"सोडलं न्हाई तिनं. त्याच्या जोरापुढं सुटलं."

पाटलांनी मान डोलावली. कुणीतरी हळहळलं. कुणी म्हणालं, एवढ्या जनावरापुढं बाईमाणसाचं काय चालणार. भुजंग तिथून निघाला आणि बद्रीनाथच्या हातातला कासरा त्यानं घेतला. बद्रीनाथनं दिला. हौदाशी जनावरं तोंड वासून उभी होती, पाणी पाहिजे होतं. कासरा मनगटाभोवती गुंडाळून त्यानं बैलांना हाक दिली.